कमांडो नेमके कशातून जातात? विमान निवडण्यामागचं गणित

सुरुवातीलाच सॉरी. ऑडिओत मध्ये दोनदा जो कानठळ्या बसवणारा आवाज येतो, तो तुमच्या इअरफोनचा प्रॉब्लेम नाही. लोहगावहून सुखोई उडत होती. विमाननगरवाल्यांना सवय आहे, आमच्या माइकला नाही. पण त्यावरूनच आजचा विषय निघाला. एवढी वेगवान विमानं दाराशी असताना २६/११ ला एनएसजीचे कमांडो मुंबईत पोचायला पहाट का झाली?

सरळ उत्तर: सुखोईत बसतात दोन माणसं. आणि कमांडो तेव्हा पुण्यात नव्हतेच, ते होते हरियाणातल्या मानेसरला. हल्ला सुरू झाला २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास. त्या रात्री मुंबईतले पोलीस लढले, नौदलाचे मार्कोस आत शिरले. एनएसजीच्या दोनेकशे जवानांना शस्त्रं-स्फोटकांसकट एका खेपेत आणायला आयएल-७६ हे अगडबंब मालवाहू विमान वापरलं गेलं. दिल्ली ते मुंबई हवेतला वेळ काही तासांचाच. बाकीचे तास गेले कुठे? आदेश निघण्यात, मानेसरहून पालमला येण्यात, सामान चढवण्यात, आणि इथे उतरल्यावर बसमधून दक्षिण मुंबई गाठण्यात. म्हणजे विमानाचा वेग हा या हिशेबातला अगदी छोटा आकडा होता. विमान कुठे उभं आहे आणि माणसं त्याच्यापासून किती लांब आहेत, हा मोठा. जून २००९ मध्ये मरोळला एनएसजीचं केंद्र सुरू झालं, ते याच हिशेबातून.

आता कुलाब्याचं नरिमन हाऊस. २८ नोव्हेंबरची सकाळ तुमच्यापैकी अनेकांनी नंतर यूट्यूबवर पाहिली असेल. दाटीवाटीच्या वस्तीतली पाच मजली इमारत, वर घिरट्या घालणारं एमआय-१७, दोरावरून गच्चीवर उतरणारे कमांडो. हेच हेलिकॉप्टर का? चेतक छोटं आणि चपळ, पण त्यात पाच-सहा जणच मावतात. गच्चीवर पहिले चारच जण उतरले आणि पुढची खेप यायला दहा मिनिटं लागली, तर त्या चौघांचं काय? एमआय-१७ एका वेळी वीसेक जण आणतं. पण त्याचा पंखा साधारण २१ मीटर व्यासाचा आणि भरलेलं वजन १३ टनांपर्यंत. ते गच्चीवर टेकवणं शक्यच नव्हतं, म्हणून वर तरंगत ठेवून दोर सोडले.

याची किंमत म्हणजे आवाज. एमआय-१७ गुपचूप येत नाही. त्यात हे सगळं टीव्हीवर लाइव्ह चाललेलं, आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार टीव्ही बघत फोनवरून दहशतवाद्यांना सूचना देत होते. गच्चीवरून खाली, एकेक मजला, संध्याकाळपर्यंत झुंज चालली. हवालदार गजेंद्रसिंह बिश्त तिथे शहीद झाले. ओलिसांपैकी कुणी वाचलं नाही. दोन वर्षांच्या मोशेला त्याची आया सँड्रा सॅम्युअल यांनी आदल्याच दिवशी बाहेर काढलं होतं. माझं मत विचाराल तर हेलिकॉप्टरची निवड चुकली नव्हती. अचानक गाठण्याची संधी तोवर हातातून गेली होती, आणि ती कुठलंच हेलिकॉप्टर परत आणू शकत नव्हतं.

आवाज कमी केला की काम झालं, असंही नाही बरं का. मे २०११ मध्ये लादेनला मारायला अमेरिकेने खास बदल केलेली, कमी आवाजाची ब्लॅक हॉक वापरली. त्यातलं एक अंगणात आदळलं! सरावाच्या नकली घराला जाळीचं कुंपण होतं, खऱ्या घराला उंच पक्क्या भिंती. पंख्याने खाली ढकललेली हवा भिंतींत कोंडली आणि हेलिकॉप्टरला उचल मिळेना. कमांडो परतले, कारण मागे मोठी चिनूक तयार ठेवली होती. म्हणून योजना आखताना पहिला प्रश्न ‘जायचं कसं’ इतकाच ‘एक बंद पडलं तर यायचं कसं’ हाही असतो.

आपल्याकडे अशा कामाचं विमान म्हणजे सी-१३०जे, २०११ पासून हवाई दलात. छोट्या, खराब धावपट्टीवर, अंधारात उतरू शकतं. एप्रिल २०२३ मध्ये सुदानच्या वादी सय्यदनाला ते असंच गेलं. खाली दिवे नाहीत, इंधन नाही. वैमानिक नाइट व्हिजन गॉगल लावून उतरले, इंजिनं चालूच ठेवली, गरुड कमांडोंनी १२१ जणांना चढवलं आणि विमान उडालं. इथे आयएल-७६ चं आकारमानच अडचण ठरलं असतं.

आणि कधी नेमकं उलटं. मार्च २०२४ मध्ये सोमाली चाच्यांनी पळवलेलं ‘रुएन’ जहाज भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर होतं. हेलिकॉप्टर इथून तिथवर पोचणारच नाही. मग महाकाय सी-१७ गेलं आणि त्यातून मार्कोस आणि त्यांच्या दोन बोटी पॅराशूटने समुद्रात सोडल्या. आयएनएस कोलकाता तिथे आधीच जहाजाला अडवून उभी होती. १७ खलाशी सुखरूप सुटले, ३५ चाचे शरण आले. त्यांना आणलं कुठे, तर मुंबईत, आणि ताब्यात दिलं मुंबई पोलिसांच्या.