माजी सैनिकांचे उपचार आणि खाजगी रुग्णालयांशी होणारे करार

सेवेतील सैनिकावर लष्कराच्या स्वतःच्या रुग्णालयात उपचार होतात; परंतु निवृत्तांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची संख्या एवढी मोठी आहे की तो भार केवळ त्या रुग्णालयांना पेलणारा नाही, म्हणून 1 एप्रिल 2003 पासून ‘माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना’ (ईसीएचएस) लागू झाली. अंशदायी म्हणजे लाभार्थ्याने एकदाच ठरावीक वर्गणी भरून सामील व्हायचे. योजनेची पॉलिक्लिनिके, म्हणजे बाह्यरुग्ण केंद्रे, बरीचशी कंत्राटी डॉक्टर व परिचारिकांवर चालतात. त्यापुढील उपचारांसाठी मात्र रुग्णाला, तातडीचा प्रसंग वगळता, सहसा शिफारसपत्र घेऊन करारबद्ध खाजगी रुग्णालयात जावे लागते.

या कराराचा गाभा दरात आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे (सीजीएचएस) दर येथेही आधारभूत मानले जातात आणि ते बहुधा ‘पॅकेज’ स्वरूपाचे असतात, म्हणजे खोलीभाडे, शस्त्रक्रियागृह, शल्यविशारदाचे शुल्क व नेहमीची औषधे एकाच रकमेत येतात. खोली कोणती मिळणार, हे निवृत्तीवेळच्या हुद्द्यावरून ठरते. आजारपणातही लष्करी उतरंड सुटत नाही ती अशी. रुग्णाकडून पैसे न घेता रुग्णालय ऑनलाइन देयक सादर करते, छाननीत अमान्य ठरलेली रक्कम कापली जाते आणि उरलेली मिळायलाही अनेकदा महिनोन्‌महिने लागतात. कागदावर चोख दिसणारी ही व्यवस्था नेमकी येथेच लंगडी पडते, कारण थकबाकी साचली की रुग्णालये रोकडरहित सेवा आखडती घेतात.