दोन संगणक, एक फडताळ

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला गेलात, की ४५ मीटर व्यासाच्या अजस्र तबकड्या दिसतात. ही जीएमआरटी दुर्बीण. तिच्या ३० अँटेनांचे संकेत एकत्र आणण्यासाठी लिनक्स संगणकांचा समूह वापरला गेला. पण नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या शाळा-दुकानांत विंडोजही भेटते. समजा, शाळेच्या कार्यालयात विंडोज आहे आणि प्रयोगशाळेत लिनक्स. निकालपत्रक पेन ड्राइव्हवरून फिरते, सोबत व्हायरसही. दोन प्रतींतली खरी कोणती, हेच कळेनासे होते आणि एखाद्या मुलाचे सुधारलेले गुण जुन्या प्रतीत राहून जातात.

यावर उपाय म्हणजे 'साम्बा'. विंडोज संगणक ज्या नियमांनी फाइलींची देवाणघेवाण करतात, त्यांना एसएमबी म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तारेवरून जाणारे संगणकांचे संभाषण न्याहाळून हे नियम लिनक्ससारख्या प्रणालींना शिकवले. एस, एम, बी ही अक्षरे असलेला शब्द शोधताना 'साम्बा' हे नाव सापडले. ते मोफत मिळते.

करायचे काय? दोन्ही संगणक एकाच नेटवर्कवर आणा. लिनक्सवर साम्बा बसवून एक फोल्डर तयार करा. 'एसएमबी डॉट कॉन्फ' या फाइलीत त्याचा पत्ता आणि कोणी फक्त वाचायचे, कोणी लिहायचे, हे नोंदवा. मग वापरणाऱ्याला साम्बाचा वेगळा पासवर्ड द्या. इथेच पुष्कळांचे अडते. साम्बाने परवानगी दिली, तरी फोल्डरची स्वतःची परवानगीही लागते. कुलुपे दोन, किल्ल्याही दोन! फायरवॉलमध्येही साम्बाला वाट द्या. शेवटी विंडोजच्या 'रन' चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन लिनक्स संगणकाचे नाव लिहिले, की फोल्डर समोर येते.

फाइलीचे नाव मराठीत चालते. २००३च्या तिसऱ्या आवृत्तीपासून साम्बाला युनिकोड समजते. मात्र नावात प्रश्नचिन्ह किंवा अपूर्णविराम घालू नका, विंडोजला ते चालत नाहीत.

जुना एक्सपी संगणक जोडण्यासाठी एसएमबीची पहिली आवृत्ती सुरू करण्याचा मोह टाळा. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय' तिच्यातल्याच त्रुटीतून जगभर पसरला. आणि सामायिक फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसलेली फाइल सगळ्यांचीच जाते, म्हणून दर आठवड्याला एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवा.