मूठ आपली, चाप कारखान्याचा
लेखमाला : हातातली अवजारं – भाग ११

बाजारात खुरपं घ्यायला आलेली बाई आधी धार बघत नाही. मूठ हातात घेते, मनगट दोनदा वळवते आणि मग भाव विचारते. मूठ बोचत असली तर घरी नेऊन काचेच्या तुकड्यानं खरवडते, वर चिंधी गुंडाळते. पण पात्याला पाणी देणं तिच्या हातचं नाही, ते लोहाराचं काम. घरच्या चुलीत पातं लाल केलं तर ते एक तर मऊ पडतं, नाही तर ठिसूळ होऊन मोडतं. हे तिला कुणी शिकवलेलं नसतं, पण ठाऊक असतं.

मागच्या भागात डावखुऱ्यांच्या विळ्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर शिरड शहापूरहून एका वाचकाचा फोन आला. ‘‘तुम्ही विळ्याचं लिहिलं, आता पिस्तुलाचं बी लिहा.’’ मी जरा दचकलोच. मग उलगडा झाला. त्यांची मुलगी १० मीटर एअर पिस्तुलाचा सराव करते. पिस्तूल जुनं घेतलेलं, मूठ तिच्या हाताला मोठी. एक जण म्हणतो कानसून घ्या, दुसरा म्हणतो कंपनीनं दिलंय तसंच राहू द्या, हात लावलात तर वाटोळं होईल. तिसऱ्यानं तर चाप हलका करून देतो असंही सांगितलं होतं. खरं कुणाचं?

औंढ्याला जाणं होतंच, वाटेत उतरलो. मल्लिनाथाचं दर्शन घेतलं आणि त्यांच्या घरी गेलो. हळद शिजवून वाळवणाला पडली होती. तिच्या कडेनं गोठ्यामागच्या लांबट खोलीत गेलो. दहा मीटर मोजून भिंतीला लाकडी खोका लावलेला, त्यात कागदी लक्ष्य. या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं. शर्टाच्या बटणाएवढं समजा.

मुलीनं पिस्तूल धरलं. मी खिशातलं पोस्टकार्ड काढून तिचा तळवा आणि लाकूड यांच्यामध्ये सरकवलं. ते आरपार गेलं. मग तिला डोळे मिटून हात उचलायला सांगितलं आणि नेम धरल्यासारखं वाटलं की डोळे उघडायला. तिनं उघडले. पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, मागच्या खाचेच्या मधोमध नव्हती, उजव्या कडेला टेकली होती. ‘‘दर वेळी अशीच येते,’’ ती म्हणाली. ‘‘मग मी मनगट वळवून सरळ करते.’’

सगळं दुखणं त्या वळवण्यात आहे. मागची खाच आणि पुढची माशी यांच्यातलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरा. लक्ष्य दहा मीटरवर, म्हणजे त्याच्या तीसपट लांब. माशी एक मिलिमीटर सरकली तर छर्रा तीन सेंटिमीटर बाजूला जातो आणि दहाचा गुण सातावर येतो. स्पर्धेत ६० छर्रे सव्वा तासात मारायचे असतात. साठ वेळा मनगट वळवून माशी मधोमध आणायची, तर शेवटच्या विसांत मनगट साथ सोडतं. मूठ हातात नीट बसली असेल तर हात उचलला की माशी आपोआप जागेवर येते. मनगटाला काही करावंच लागत नाही.

२५ मीटर पिस्तुलात तर वळवायला वेळच नाही. महिलांच्या या प्रकारात पहिल्या ३० गोळ्या सावकाश असतात. पुढच्या ३० गोळ्यांना प्रत्येकी तीन सेकंद मिळतात. हात खाली धरून उभं राहायचं, खूण झाली की उचलायचा, नेम धरायचा, गोळी सोडायची. मग सात सेकंद थांबायचं आणि पुन्हा तेच. कोल्हापूरच्या राही सरनोबत याच प्रकारातल्या. २०१३ मध्ये त्यांनी कोरियातल्या चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण घेतलं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत थायलंडच्या नेमबाजाशी ३४ गुणांवर बरोबरी झाली, एक शूटऑफ झाला, तोही बरोबरीत सुटला, आणि दुसऱ्या शूटऑफमध्ये राहींनी सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. तीन सेकंदांत माशी शोधत बसणाऱ्याला हे जमणारं नव्हे.

म्हणून स्पर्धेच्या पिस्तुलांच्या मुठी अक्रोडाच्या लाकडाच्या, चपलेसारख्या लहान-मोठ्या मापांत मिळतात, डाव्या-उजव्या वेगळ्या. तरी माप हे माप असतं, हात नव्हे. त्यामुळे नेमबाज त्या कानशीनं घासतात, कुठं लाकूड कमी पडलं तर पुट्टी भरतात. नळ गळायला लागला की आपण जी दोन रंगांची पुट्टी मळून लावतो, त्याच जातीची. मोठमोठ्या नेमबाजांच्या मुठी जवळून पाहिल्या तर त्या वापरून वापरून ठिगळं लावलेल्या दिसतात. देखणेपणाचं तिथं काम नाही.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे नियमही मूठ आणि चाप यांच्यात रेघ ओढतात. मूठ हवी तशी घडवा, पण तिनं मनगटाला वेढा घालता कामा नये. एअर पिस्तुलाचं वजन १५०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. सगळं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात मावलं पाहिजे, आणि तो खोका तपासणीच्या टेबलावर ठेवलेलाच असतो. भिंगाची दुर्बीण चालत नाही, माशी आणि खाच एवढंच. चापाला ५०० ग्रॅमचं वजन अडकवून पिस्तूल सरळ वर उचलतात. चाप सुटला नाही तर ठीक, सुटला तर नापास. २५ मीटरच्या पिस्तुलाला हेच वजन १००० ग्रॅम. स्पर्धा झाल्यावरही चिठ्ठी टाकून तपासणी होते आणि तेव्हा चाप हलका निघाला तर नेमबाज बाद.

आता चाप. स्पर्धेच्या पिस्तुलात चापाचं वजन आणि जागा बदलण्यासाठी कारखान्यानंच स्क्रू दिलेले असतात. ते पुस्तिकेत सांगितलं आहे तेवढे फिरवणं म्हणजे फेरफार नव्हे, सायकलची सीट वर-खाली करण्यासारखंच ते. पण ‘हलका करून देतो’ म्हणणारा माणूस स्क्रू फिरवत नसतो. तो स्प्रिंग कापतो, नाही तर आतल्या दोन पोलादी कडा घासतो. एकीनं दुसरी धरून ठेवलेली असते, म्हणून घोडा पडत नाही. ही पकड केसभर असते. ती घासली की चाप मऊ लागतो खरा, पण धक्का बसला तरी सुटू शकतो. स्प्रिंग कापली तर उलटंच होतं, घोड्याचा ठोका हलका पडतो आणि काडतूस पेटत नाही. दोन्हीत मिळवलेलं थोडं, गमावलेलं फार.

न छेडलेलं यंत्रही दगा देतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी पात्रता फेरी चालू असताना मनू भाकर यांच्या पिस्तुलाचं कॉकिंग लिव्हर तुटलं. दुरुस्तीला रेंज सोडावी लागली, वेळ गेला आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तरी दुरुस्ती होऊ शकली, कारण पिस्तूल कारखान्याच्या मापाचं होतं आणि सुटा भाग त्यात बसला. कुणी घरी घासलेल्या यंत्रात तो बसला असता का, याचा विचार करा. याच मनूनं २०२४ ला पॅरिसमध्ये दोन कांस्यपदकं घेतली.

पॅरिसचा विषय निघाला की नेमबाज युसुफ दिकेच आठवतात. साधा टी-शर्ट, साधा चष्मा, एक हात खिशात, आणि मिश्र जोडीत रौप्य. मोबाइलवर जो तो लिहीत होता, बघा, काही तामझाम नाही! तामझाम अंगावर नव्हता, हे खरं. हातात मात्र स्पर्धेचंच पिस्तूल होतं, काही जत्रेतली छर्‍याची बंदूक नव्हे.

बोलणं एवढ्यावर संपायचं, पण चहाला शेजारचे एक गृहस्थ आले होते. त्यांच्याकडं परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर. ‘‘माझा बी चाप लई जड हाय. एवढं मुलीचं बघताय तर माझं बी सांगा.’’ त्यांना मी जे सांगितलं ते इथंही लिहितो, कारण परवानाधारक वाचक बरेच असतील.

मुलीचं पिस्तूल ४.५ मिलिमीटरचं, हवेच्या दाबाचं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे .१७७ इंचापर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. रिव्हॉल्व्हरची गोष्ट निराळी. बहुतेक रिव्हॉल्व्हरना वेगळं सेफ्टीचं बटण नसतं. लांब आणि जड चाप हीच त्याची सेफ्टी. तो जड लागतो तो मुद्दाम जड ठेवलाय म्हणून. १ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून घरातच गोळी सुटून पायात घुसली. हे फेरफाराचं उदाहरण म्हणून देत नाही. भरलेलं शस्त्र घरात कसं वागू शकतं, एवढंच त्यातून घ्यायचं.

कायदाही ऐकून ठेवा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्र दुरुस्त करून देण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. त्यामुळे गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडं रिव्हॉल्व्हर नेलं तर तोही अडकतो आणि नेणाराही. कलम ६ प्रमाणे नळी आखूड करायला वेगळा परवाना हवा. रानडुकरांसाठी घेतलेल्या बंदुकीची नळी ‘सोयीसाठी’ कापणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. कलम ८ प्रमाणे शस्त्रावर कोरलेला क्रमांक खोडणं किंवा बदलणं गुन्हा. आवाज दाबणारी नळी कायद्यात ‘सुटा भाग’ नाही, ती स्वतःच शस्त्र धरली जाते. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र ठाण्यात जमा करताना हवालदार परवान्यावरचा क्रमांक आणि शस्त्रावरचा क्रमांक ताडून बघतो, तेव्हा कपाळावर घाम नको.

‘‘म्हणजे काहीच करायचं नाही?’’ त्यांनी विचारलं. मुठीच्या बाजूच्या पट्ट्या हाताला घसरत असतील तर परवानाधारक दुकानातून दुसऱ्या बसवून घ्या. आतल्या यंत्राला हात नाही. त्यांना ते फारसं आवडलं नाही, पण चहा संपेपर्यंत ऐकत होते.

मुलीचं काम मात्र तिनंच केलं. ज्या जागी लाकूड टोचायचं तिथं खडू लावायचा, पिस्तूल धरायचं, सोडायचं. तळव्यावर खडू उमटला तेवढंच घासायचं, बोटभर नाही, कागदाच्या जाडीएवढं. लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही, म्हणून कानस घाईत चालवायची नसते. जिथं फट होती तिथं पुट्टी. चार संध्याकाळी गेल्या. चापाचे स्क्रू तिनं पुस्तिका उघडून फिरवले आणि ५०० ग्रॅमसाठी मिठाची अर्ध्या किलोची पिशवी अडकवून पाहिली. स्पर्धेला जायच्या आधी हे प्रमाणित वजनावर तपासून घे, असं तिला बजावलंय, कारण किराणा दुकानाच्या काट्यावर पंचांचा विश्वास नसतो.

परवा तिचा फोन आला. पोस्टकार्ड आता मध्ये जात नाही, आणि डोळे उघडले की माशी खाचेच्या मधोमध असते. गुण अजून वाढलेले नाहीत.

पुढच्या आठवड्यात : सुताराचा रंधा.