शाखा ठरली, विषयांचे काय? खासगी शाळेतून राज्य मंडळाच्या अकरावीत जाताना

दहावीचा निकाल लागला की धर्मग्राम कार्यालयात पालकांची ये-जा वाढते. हातात गुणपत्रिकेची प्रत असते आणि प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘फादर, मुलीला कोणत्या कॉलेजात घालू?’ त्यानंतरचा प्रश्न शाखेचा. विज्ञान की वाणिज्य? ‘विषय कोणते घ्यावेत?’ असे मात्र क्वचितच कोणी विचारते. वास्तविक मुलाच्या पुढील वाटा शाखेपेक्षाही विषयांमुळे मोकळ्या राहतात किंवा बंद होतात.

केंद्रीय मंडळाच्या अथवा आयसीएसईच्या खासगी, विनाअनुदानित शाळांतून दहावी झालेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. यातील अनेक कुटुंबे दहावीनंतर राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयाकडे वळतात. कोठे वाढते शुल्क हे कारण असते, कोठे घराजवळचे महाविद्यालय, तर कोठे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर बेतलेली असते हे. जुन्या शाळेत बहुतेक विषय शाळेनेच ठरवून दिलेले असत. येथे ते निवडावे लागतात आणि निवडीसाठी पुष्कळदा प्रवेशाच्या खिडकीसमोर पाच मिनिटेच मिळतात.

प्रथम एक भीती दूर करावी. बाहेरच्या मंडळाचा म्हणून मुलाला मागे ठेवतील, असे काही पालकांना वाटते. हा वाद एके काळी खरोखरच पेटला होता. २००८ साली शासनाने पर्सेंटाइलचे सूत्र आणले, २००९ साली नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी राखण्याचा निर्णय घेतला. दोन्ही निर्णय मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाहीत. २०१० साली सर्वोत्तम पाच विषयांचे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आणि त्या वादावर पडदा पडला. आज सर्व मंडळांचे विद्यार्थी एकाच गुणवत्ता यादीत येतात. तोटा होतो तो अन्यत्र : संस्थेच्या स्वतःच्या माध्यमिक शाळेतील मुलांसाठी असलेला दहा टक्के इनहाउस कोटा शाळा बदलणाऱ्याला मिळत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. २०२५-२६ या वर्षापासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया संपूर्ण राज्यात लागू झाली. त्या वर्षीच्या अर्जात एक ते दहा पसंतिक्रम देता येत होते. प्रत्येक पसंती महाविद्यालय, शाखा, माध्यम आणि अनुदानाचा प्रकार यांची असते. विषयांची नसते! विषय ठरतात ते जागा मिळाल्यावर, त्या महाविद्यालयात जे शिकवले जातात त्यांतूनच. त्यातच पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून बाद होण्याचा नियम होता. म्हणजे नावलौकिक पाहून पहिली पसंती भरली आणि नंतर कळले की तेथे हवा तो विषयगट नाही, तर माघारीची वाट अरुंद आहे.

विज्ञान शाखेचे उदाहरण घेऊ. इंग्रजी, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्याबरोबर गणित व जीवशास्त्र हे दोन्ही घेणारा विद्यार्थी अभियांत्रिकी व वैद्यकीय अशा दोन्ही दिशांना मोकळा राहतो. परंतु पुष्कळ मुले बायफोकल, म्हणजेच द्विलक्षी, विषयाकडे ओढली जातात. संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स यांसारखा हा विषय दोनशे गुणांचा असतो आणि दुसरी भाषा व आणखी एक विषय यांच्या जागी येतो. संगणकशास्त्र घेणाऱ्याचा हा ‘आणखी एक विषय’ बहुधा जीवशास्त्र असतो. ज्याचा कल निश्चित आहे त्याच्यासाठी हा विषय उत्तम आहे, गुणही चांगले मिळतात. मात्र जीवशास्त्र सुटले की नीट परीक्षा, आयुर्वेद, बीएस्सी नर्सिंग हे सारे दार लोटले जाते. परिचारिकेचा पेशा आपल्या समाजात किती घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे, हे वेगळे सांगायला नको. जीएनएम पदविकेला इतर शाखांतील विद्यार्थीही जाऊ शकतात. पदवीला मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी लागते.

उलट बाजूही तशीच आहे. ‘डॉक्टरच व्हायचे आहे, गणिताची कटकट कशाला?’ म्हणून गणित सोडणाऱ्या मुलीला नीटमध्ये अपेक्षित गुण मिळाले नाहीत, तर अभियांत्रिकी, वास्तुकला आणि माहिती-तंत्रज्ञानाच्या बहुतेक पदव्या तिच्या हाताबाहेर जातात. औषधनिर्माणशास्त्राची पदवी मात्र गणित अथवा जीवशास्त्र, दोहोंपैकी एकावर मिळू शकते. बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होऊन नीटला बसण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिली. परंतु तो एक वळसा आहे. त्यात वर्ष खर्ची पडते.

दहावीतील गुण येथे फसवे ठरू शकतात. आयसीएसईमध्ये भौतिक, रसायन व जीवशास्त्र यांच्या प्रत्येकी ऐंशी गुणांच्या स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात. केंद्रीय मंडळात तिन्हींची मिळून ऐंशी गुणांची एकच. राज्य मंडळात विज्ञानाचे चाळीस-चाळीस गुणांचे दोन भाग असतात. म्हणून ‘सायन्समध्ये नव्वद’ या वाक्याचा अर्थ तिन्ही ठिकाणी सारखा नाही. तिन्हींपैकी कोणते शास्त्र मुलाला आवडते आणि कोणते त्याने केवळ पाठ केले, हे त्यालाच शांतपणे विचारावे.

वाणिज्य शाखेत पुस्तपालन, अर्थशास्त्र आणि वाणिज्य संघटन हे विषय जवळपास सर्वत्र ठरलेले. खरा प्रश्न गणित की चिटणिसाची कार्यपद्धती, ज्याला मुले ‘एस. पी.’ म्हणतात, हा असतो. गुणांच्या हिशोबाने एस. पी. सोपे वाटते. पण सीए फाउंडेशनच्या चार प्रश्नपत्रिकांपैकी एक व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्राची आहे, आणि मुंबई विद्यापीठातील बीएस्सी आयटीसारख्या पदवीला बारावीचे गणित परंपरेने लागत आले आहे. वाणिज्याचे गणित हे विज्ञानाच्या गणिताहून वेगळे, स्वतंत्र पाठ्यपुस्तक आहे. ते एकदा चाळून पाहिले, तर निम्मी भीती तेथेच ओसरेल. कला शाखेत मानसशास्त्र, तर्कशास्त्र, समाजशास्त्र यांपैकी काय शिकवले जाते हे महाविद्यालयागणिक बदलते, एवढेच ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या भाषेविषयी थोडे स्पष्ट लिहितो. खासगी शाळेतून आलेली मुले मराठीला बिचकतात आणि तिच्याऐवजी माहिती तंत्रज्ञान घेतात. त्यात गुण अधिक पडतात हे खरे आहे. पण ज्या घरात आजी-आजोबांशी कादोडीत बोलले जाते, त्या घरातील मुलाला ‘युवकभारती’चे पुस्तक परके वाटावे, हे मला पटत नाही. या मुलांची अडचण भाषेची कमी, लिहिण्याच्या सवयीची अधिक असते. ज्याला पुढे राज्याच्या लोकसेवा परीक्षा द्यावयाच्या आहेत, त्याने तर मराठी सहसा सोडू नये.

पसंतिक्रमातील अनुदानाचा प्रकार घाईत वाचू नये. एकाच महाविद्यालयात एक तुकडी अनुदानित, दुसरी विनाअनुदानित, तिसरी स्वयंअर्थसाहाय्यित असू शकते. इमारत तीच, पण शुल्कात मोठी तफावत. अनुदानित तुकडीत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे. द्विलक्षी विषयाचे आणि माहिती तंत्रज्ञानाचे शुल्क मात्र वेगळे पडू शकते, ते आधी विचारून घ्यावे. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या महाविद्यालयांत निम्म्या जागा त्या समाजासाठी असतात आणि आपल्या मुलांना त्यांचा लाभ अवश्य घ्यावा. तथापि कोट्यातून प्रवेश निश्चित केल्यावर नियमित फेरीत सहभागी व्हायचे असेल, तर आधी तो प्रवेश रद्द करावा लागतो. त्यामुळे विषयांची चौकशी कोट्याचा अर्ज भरण्यापूर्वी व्हावयास हवी.

एकदा घेतलेला विषय बदलता येतो का? अकरावीच्या आरंभी, जागा असल्यास आणि प्राचार्यांनी अनुमती दिल्यास, बहुधा येतो. विज्ञानाकडून वाणिज्य वा कलेकडे वळताही येते. उलट दिशेचा मार्ग जवळजवळ नाहीच. म्हणून पहिली घटक चाचणी होण्याआधी, ऑगस्टच्या सुमारास, मुलाशी एकदा मोकळेपणाने बोलून घ्यावे.

महाविद्यालयात जाताना तीन गोष्टी विचाराव्यात : कोणते विषयगट प्रत्यक्ष चालू आहेत, द्विलक्षी विषयाच्या जागा किती आणि त्या कशा भरतात, आणि गणित व जीवशास्त्र दोन्ही ठेवल्यास वेळापत्रकात ते बसतात काय. सोबत शाळा सोडल्याचा दाखला न्यावा. अन्य मंडळातून येणाऱ्यांनी त्या मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र निकालानंतर लगेच मागवावे, कारण राज्य मंडळाच्या पात्रता प्रमाणपत्रासाठी ते लागते आणि ऐनवेळी धावपळ होते ती याच कागदासाठी.