लंडनप्रमाणेच, अपवाद पुढीलप्रमाणे

सत्तरच्या दशकातलं एखादं इंग्रजी दैनिक उघडून टीव्हीच्या कार्यक्रमांचं पान पाहिलं, तर बीबीसीचा मामला बराचसा सरळ दिसतो. दोन वाहिन्या, दोन रकाने. गोंधळ सुरू होतो तो तिसऱ्या वाहिनीपाशी, म्हणजे आयटीव्हीपाशी. तिचा लंडनचा दिवसभराचा कार्यक्रम वेळेनिशी नीट छापलेला असे आणि त्याखाली बारीक टायपात एकेका प्रांताचं नाव. 'अँग्लिया : लंडनप्रमाणेच, अपवाद...' आणि पुढे वेळांची रांग. मग 'बॉर्डर : लंडनप्रमाणेच, अपवाद...'. अँग्लियाच्या हद्दीतल्या नॉरिचच्या माणसाने आधी लंडनचा रकाना वाचायचा, मग आपला अपवाद शोधायचा आणि मनातल्या मनात एकातून दुसरा वजा करून रात्री नेमकं काय लागणार ते ठरवायचं. एकाच बटणावर, एकाच वेळी, एका गावात जुना सिनेमा आणि शंभर मैलांवरच्या दुसऱ्या गावात अमेरिकी पोलिसमालिका, हे ब्रिटनमध्ये तीसेक वर्षं सर्रास चालू होतं.

याला मुद्दाम घडवून आणलेला गोंधळ म्हणता येईल. १९५५ पर्यंत ब्रिटनमध्ये टीव्ही म्हणजे फक्त बीबीसी. ही मक्तेदारी मोडायची, जाहिरातींवर चालणारी वाहिनी आणायची, असा विचार पुढे आला तेव्हा संसदेत आणि बाहेर बरीच आदळआपट झाली. एक मक्तेदारी मोडून दुसरी कुणा व्यापाऱ्याच्या हाती द्यायची का, हा प्रश्न होताच. १९५४ च्या टेलिव्हिजन कायद्यातून निघालेली तोड अशी : प्रक्षेपणाचे मनोरे एका सार्वजनिक प्राधिकरणाच्या मालकीचे राहतील, देशाचे विभाग पाडून प्रत्येक विभाग वेगळ्या खासगी कंपनीला ठरावीक मुदतीसाठी दिला जाईल, ती कंपनी मनोऱ्याचं भाडं भरेल, कार्यक्रम करेल आणि आपल्या हद्दीतल्या जाहिराती विकून पैसे कमावेल. २२ सप्टेंबर १९५५ च्या संध्याकाळी लंडनला पहिली जाहिरात झळकली, ती गिब्स एसआर टूथपेस्टची. पुढच्या वर्षी मिडलंड्स आणि उत्तर इंग्लंड, १९५७ मध्ये स्कॉटलंड, असं करत करत १९६२ च्या सप्टेंबरात फ्रान्सच्या किनाऱ्यालगतची चॅनल बेटंही या जाळ्यात आली.

१९६८ च्या फेरवाटपानंतर विभाग चौदा आणि कंपन्या पंधरा असा हिशेब होता. लंडनला दोन कंपन्या : सोमवार ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत थेम्स, तिथून रविवार रात्रीपर्यंत लंडन वीकेंड. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता एकीने कारभार दुसरीच्या हाती द्यायचा. एकाच शहराच्या एकाच वाहिनीचे आठवड्यात दोन धनी.

प्रत्येक कंपनी आपल्या घड्याळाची मालक होती, पण पूर्ण नाही. राष्ट्रीय बातम्या सगळ्यांनी एकाच वेळी दाखवायच्या, हे बंधन होतं. १९६७ पासून रात्री दहाच्या बातम्या त्यात आल्या. मोठे कार्यक्रम मुख्यतः पाच मोठ्या कंपन्याच करत : थेम्स, लंडन वीकेंड, बर्मिंगहॅमची एटीव्ही, मँचेस्टरची ग्रॅनडा आणि लीड्सची यॉर्कशायर. कुणाची मालिका कुठल्या वारी, किती वाजता, यावर या पाचांच्या कार्यक्रमप्रमुखांमध्ये घासाघीस चाले. 'तुझी मी घेतो, माझी तू घे' हा त्यातला सनातन मंत्र. लहान कंपन्या हा तयार माल आपापल्या उत्पन्नाच्या ऐपतीप्रमाणे किंमत मोजून उचलत. उरलेल्या जागा मात्र स्थानिक प्रमुखाच्या. सकाळच्या, दुपारच्या, संध्याकाळी सहा-सातच्या आणि रात्री उशिराच्या या वेळांत काय लावायचं, हे तो आपल्या गावात बसून ठरवी. त्याचे जाहिरातदार आसपासचेच : फर्निचरची दुकानं, मोटारींचे विक्रेते, बी-बियाणं आणि खतवाले. नॉरिचच्या अँग्लियाचा मुलूख शेतीचा, म्हणून रविवारी दुपारी तिथे 'फार्मिंग डायरी' लागायची. लंडनच्या प्रेक्षकाला बाजारातल्या डुकरांच्या भावाशी काही देणंघेणं नव्हतं आणि अँग्लियाला लंडनच्या प्रेक्षकाशी.

स्वातंत्र्य म्हटलं की नकाराधिकारही आलाच. ग्रॅनडाची 'कॉरोनेशन स्ट्रीट' ९ डिसेंबर १९६० ला सुरू झाली. आजही चालू असलेली ही मालिका ब्रिटिश टीव्हीचा जणू कणा मानली जाते. पण सुरुवातीचे काही महिने मिडलंड्स आणि ईशान्य इंग्लंडातल्या कंपन्यांनी ती घेतलीच नव्हती. लोकप्रियता डोळ्यांत भरल्यावर, १९६१ च्या मार्चच्या सुमारास, ती सगळीकडे दिसू लागली.

खरी गंमत झाली ती 'क्रॉसरोड्स'ची. बर्मिंगहॅमच्या एटीव्हीने १९६४ मध्ये सुरू केलेली ही एका मोटेलची कथा. नोएल गॉर्डन ही अभिनेत्री त्यात मालकीण मेग. समीक्षकांनी या मालिकेची यथेच्छ टर उडवली : भिंती हलतात, नट संवाद विसरतात वगैरे. प्रेक्षकांनी तिकडे साफ दुर्लक्ष केलं. ही मालिका कोणी किती वाजता, आठवड्यातून किती वेळा दाखवायची, हे ज्या त्या कंपनीवर होतं. १९६८ मध्ये थेम्सने लंडनचा ताबा घेतला आणि ती बंद करून टाकली. पत्रांचा पाऊस पडला. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या पत्नी मेरी याही तक्रार करणाऱ्यांत होत्या, असं सांगतात. थेम्सने माघार घेतली, पण मधले भाग गाळून पुढे उडी मारण्याऐवजी जिथे सोडलं होतं तिथूनच सुरुवात केली. परिणाम असा की पुढची कित्येक वर्षं लंडन उरलेल्या देशाच्या सुमारे सहा महिने मागे होतं. बर्मिंगहॅमच्या मावशीने लंडनच्या भाचीला फोनवर 'अगं, ती गेली की गं!' म्हटलं, तर भाचीचे सहा महिने वाया. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मधले भाग वगळून लंडनला एकदाचं बरोबरीला आणलं, आणि राजधानी स्वतःच्याच देशाच्या मागे राहण्याचा तो दुर्मीळ प्रकार संपला.

ऑस्ट्रेलियाच्या 'प्रिझनर : सेल ब्लॉक एच'चं प्रकरण आणखी पुढचं. स्त्रियांच्या तुरुंगावरची ही मालिका ६९२ भागांची. १९८४ च्या शरदात यॉर्कशायरने ती रात्री उशिरा लावायला सुरुवात केली. मग एकेका कंपनीने आपल्या सवडीने, आपल्या गतीने. कुणी आठवड्याला एक भाग दाखवी, कुणी तीन, कुणी मध्येच थांबे. शेजारशेजारच्या प्रांतांत शेकडो भागांचं अंतर पडलं. सरहद्दीवरच्या घरांना यावर उपाय होता : छपरावर दोन अँटेना, दोन दिशांना तोंड करून. एका मनोऱ्याचं मागचं आणि दुसऱ्याचं पुढचं, असं दोन्ही बघता येई.

लंडन वीकेंडला या व्यवस्थेचा चटका आरंभीच बसला. २ ऑगस्ट १९६८ ला पहिल्याच संध्याकाळी तंत्रज्ञांच्या संपाने तिचं प्रक्षेपण सुरू होताहोता तोंडघशी पडलं. त्याहून मोठं दुखणं पुढे उघड झालं. शनिवार-रविवारी दर्जेदार, सांस्कृतिक काहीतरी द्यायचं हे तिचं स्वप्न. पण तिचे अभिरुचीसंपन्न कार्यक्रम इतर कंपन्या सरळ रात्री उशिरा ढकलत किंवा दाखवतच नसत. शनिवारच्या रात्री लोकांना विनोद हवा, हे बर्मिंगहॅमला पक्कं माहीत होतं. सुमारे वर्षभरात लंडन वीकेंडच्या प्रमुखाला जावं लागलं. देशभर पोचणाऱ्या वाहिनीवर असूनही आपला कार्यक्रम देशाला दिसेलच, याची हमी कुणालाच नव्हती.

छोट्या केंद्रांचा जीव मात्र अशा मोठ्या लढायांत नव्हता. प्लिमथच्या वेस्टवर्डचा खरा तारा होता गस हनीबन नावाचा कापडी ससा. निवेदकाच्या शेजारी बसून तो मुलांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा देई. मुलाला जितकी वर्षं पूर्ण तितक्या उड्या; पत्रात तशी मागणी असेल तर डोळा मिचकावणं, डोक्यावर उभं राहणं किंवा स्टुडिओचे दिवे घालवणं. कॉर्नवॉल आणि डेव्हनमधल्या मुलांच्या दोनेक पिढ्या यावर वाढल्या. १९८१ च्या अखेरीस वेस्टवर्ड जाऊन टीएसडब्ल्यू ही नवी कंपनी आली, तरी ससा तोच राहिला. देशभराच्या वेळापत्रकात अशा कार्यक्रमाला पाच मिनिटंही कुणी दिली नसती.

वेल्समध्ये वेळापत्रक हा थेट भाषेचा प्रश्न झाला. तिथल्या कंपनीकडे एकच वाहिनी आणि दोन भाषा. वेल्श कार्यक्रम लावला की त्या वेळचा इंग्रजी लोकप्रिय कार्यक्रम हुकणार, म्हणून इंग्रजी बोलणारे रागावत आणि दक्षिण वेल्समधले बरेच जण अँटेना ब्रिस्टलकडे वळवून मोकळे होत. वेल्श बोलणाऱ्यांची तक्रार उलटी : आमच्या वाट्याला आडवेळाच येतात. साठच्या दशकात मुख्यतः वेल्ससाठीच निघालेली एक कंपनी दीड वर्षाच्या आत डबघाईला येऊन शेजारच्या कंपनीत विलीनही झाली होती. शेवटी वेल्श कार्यक्रमांसाठी स्वतंत्र वाहिनी देण्याचं आश्वासन थॅचर सरकारने फिरवलं, तेव्हा १९८० मध्ये प्लाइड कमरी पक्षाचे नेते ग्विनफर इव्हान्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला. सरकार वरमलं. १ नोव्हेंबर १९८२ ला एसफोरसी ही वाहिनी सुरू झाली आणि संध्याकाळची मोक्याची वेळ वेल्शला मिळाली.

मराठी वाचकाला यातलं काही ओळखीचं वाटेल. २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनची संध्याकाळही पहिली दहा वर्षं मुख्यतः मुंबईतच आखली जात होती. 'आमची माती आमची माणसं' हा आपला 'फार्मिंग डायरी'च म्हणायचा. सिनेमाची गाणी मुंबईला गुरुवारी 'छायागीत'मधून दिसत, तर दिल्लीकर 'चित्रहार' पाहत. १५ ऑगस्ट १९८२ ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रात्रीचा मोक्याचा भाग दिल्लीकडे गेला. आपल्याकडे हे सरकारी निर्णयाने झालं. ब्रिटनमध्ये तेच काम पैशाने केलं, आणि सावकाश.

त्याआधी एकदा या विखुरलेपणाचा उपयोगही दिसला. १९७९ च्या ऑगस्टमध्ये पगारावरून संप झाला आणि १० ऑगस्टपासून २४ ऑक्टोबरपर्यंत आयटीव्हीचा पडदा देशभर कोरा राहिला. अपवाद फक्त चॅनल बेटांचा. तिथली कंपनी इतकी छोटी की इतके आठवडे बंद राहिली असती तर बुडालीच असती. तिथल्या कर्मचाऱ्यांनी काम चालू ठेवलं. मुख्य भूमीवरून येणारा माल थांबलेला, त्यामुळे सिनेमे आणि स्थानिक कार्यक्रम यांवर त्यांनी अकरा आठवडे काढले.

या व्यवस्थेचा पाया उखडला तो १९९० च्या ब्रॉडकास्टिंग कायद्याने. आता विभागांचे परवाने लिलावाने द्यायचे ठरलं. बंद पाकिटांतल्या बोलींचा निकाल १६ ऑक्टोबर १९९१ ला लागला, आणि त्यातले आकडे आजही वाचताना हसू येतं. सेंट्रल, म्हणजे एटीव्हीच्या जागी आलेली मिडलंड्सची मोठी, श्रीमंत कंपनी. तिला कुणी प्रतिस्पर्धी येणार नाही हे हेरून तिने वर्षाला फक्त २,००० पौंडांची बोली लावली आणि परवाना मिळवला. लीड्सच्या यॉर्कशायरने त्याच दर्जाच्या मुलखासाठी ३ कोटी ७७ लाख पौंड मान्य केले. थेम्सचा परवाना गेला, गस हनीबनची टीएसडब्ल्यू गेली, दक्षिणेची टीव्हीएस गेली. १९९२ च्या ३१ डिसेंबरला ससाही निवृत्त झाला.

एवढे पैसे सरकारला भरायचे म्हणजे काटकसर आलीच. पंधरा कंपन्यांची पंधरा वेळापत्रकं आखायला पंधरा खाती कशाला, हा प्रश्न हिशेबनीसांनी आधी विचारला. १९९३ पासून कार्यक्रम घेणं आणि त्यांच्या वेळा ठरवणं लंडनमधल्या नेटवर्क सेंटर या एका कचेरीकडे गेलं. देशभर एकाच क्षणी जाहिरात दाखवू इच्छिणाऱ्या मोठ्या जाहिरातदारांना ते सोयीचंच होतं. मग कंपन्यांनी एकमेकींना विकत घेण्यावरचे निर्बंध सैल झाले. थेम्सच्या जागी आलेल्या कार्लटनने सेंट्रल घेतली, ग्रॅनडाने लंडन वीकेंड. २००२ च्या ऑक्टोबरअखेर इंग्लंडमध्ये राष्ट्रीय कार्यक्रमांआधी दिसणारी प्रांतिक नावं पडद्यावरून काढली गेली. २००४ मध्ये ग्रॅनडा आणि कार्लटन एक होऊन आयटीव्ही ही एकच कंपनी झाली. तिने पुढे २०११ मध्ये चॅनल बेटांची आणि २०१६ मध्ये उत्तर आयर्लंडची कंपनीही गिळली.

स्कॉटलंडची एसटीव्ही तेवढी वेगळी राहिली. २००९ मध्ये तिने आयटीव्हीची काही नाटकं घेणं बंद करून त्या वेळेत स्वतःचे स्वस्त कार्यक्रम लावले. साठच्या दशकात हा रोजचा व्यवहार होता. आता त्यावरून आयटीव्हीने तिला कोर्टात खेचलं आणि २०११ मध्ये तडजोड झाली. इंग्लंडात आयटीव्हीच्या प्रांतांच्या हाती उरला आहे तो मुख्यतः संध्याकाळी सहाच्या स्थानिक बातम्यांचा अर्धा तास.