गाडीचा कणा आणि तिचे सांधे

मोटारगाडीविषयी चार माणसे बोलू लागली की बोलणे इंजिनाच्या ताकदीवर, वेगावर आणि रंगावर जाते. गाडीच्या खाली वाकून पाहणारा विरळाच. वस्तुतः इंजिन बंद पडले तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, एवढेच. पण खालचा सांगाडा खचला किंवा चाक धरून ठेवणारा सांधा तुटला तर आतल्या माणसाच्या जिवावर बेतते. आमचे आयुष्य कारखान्याच्या दारात गेले, अभियांत्रिकीच्या वर्गात नव्हे. जे काही शिकलो ते कामगारांच्या शेजारी उभे राहून आणि रात्री पुस्तके चाळून. म्हणून एका जुन्या स्पोर्ट्‌स गाडीचा सांगाडा, म्हणजे चॅसी, आणि तिचे सस्पेन्शन पुन्हा कसे उभे करतात हे आम्ही त्या कामाला हात घालणाऱ्या माणसाच्या बाजूने सांगणार आहोत.

उदाहरणाला ट्रायम्फ स्पिटफायर घेऊ. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात, कॅनली येथील कारखान्यात ही दोन आसनांची उघडी गाडी १९६२ ते १९८० या काळात तयार होत असे. तीन लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. तिचा बाह्य आकार इटलीतील जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी रेखला. ही गाडी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. १९५९ साली निघालेल्या ट्रायम्फ हेराल्डची ती धाकटी बहीण. आणि हेराल्ड १९६१ पासून मद्रासेत ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने बनू लागली होती. श्रोत्यांपैकी ज्यांनी हेराल्डमधून प्रवास केला असेल, त्यांनी याच घराण्याच्या सांध्यांवर भरवसा ठेवून तो केला आहे.

त्या काळी बहुतेक कारखानदार वेगळी चॅसी सोडून बॉडी आणि सांगाडा एकजीव करू लागले होते. मग हेराल्डला वेगळी चॅसी का? कारण तांत्रिक नव्हते, व्यापारी होते. मोठाल्या बॉड्या दाबून देणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ साली प्रतिस्पर्धी बी. एम. सी. ने विकत घेतली. तेव्हा ट्रायम्फने बॉडीचे सुटे भाग ठिकठिकाणी करवून घेतले आणि ते चॅसीवर बोल्टांनी जोडले. मालकांच्या या चढाओढीचा लाभ आज दुरुस्ती करणाऱ्याला मिळतो. बोल्ट सोडले की बॉडी उचलून बाजूला ठेवता येते आणि सांगाडा उघडा पडतो.

स्पिटफायरची चॅसी म्हणजे पत्र्याच्या दोन पोकळ, चौकोनी तुळया. मधल्या भागात त्या एकमेकींजवळ धावतात. पुढे इंजिनासाठी आणि मागे डिफरन्शियलसाठी फाकतात. माणसाच्या कण्यासारखी ही रचना आहे. हेराल्डला बाजूनेही चॅसीचा आधार असतो. स्पिटफायरला तो नाही. दाराखालची पोकळ पट्टीच तेथे भार सोसते. म्हणून ती पट्टी गंजली असेल, तर बॉडी उचलण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी सळई जोडून घ्यावी लागते. तसे न केल्यास बॉडी मध्ये वाकते आणि नंतर दारे कधीच नीट लागत नाहीत.

पोकळ तुळईचा शत्रू आतून येतो. पाणी व चिखल आत साचतो, बाहेरचा रंग शाबूत दिसतो आणि पत्रा मात्र आतून झिजत राहतो. जाणता कारागीर डोळ्यांवर विसंबत नाही. तो हातोडीने ठोकत जातो. निरोगी लोखंड खणखणीत बोलते, कुजलेले बद्द वाजते. त्यानंतर मापे. चॅसी सपाट जागी ठेवून नेमक्या छिद्रांतून ओळंबा सोडतात, जमिनीवर खडूने खुणा करतात आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची दोन्ही तिरपी अंतरे ताडून पाहतात. ती जुळली नाहीत तर गाडीने कधी तरी टक्कर खाल्ली आहे असे समजावे.

गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढावा लागतो. कुजक्या पत्र्यावर ठिगळ लावून वर काळा रंग फासणे ही दुरुस्ती नव्हे, ती फसवणूक आहे. वेल्डिंग एका दमात करीत नाहीत. आळीपाळीने दोन्ही बाजूंना थोडे थोडे करतात, कारण उष्णतेने लोखंड ओढले जाते आणि जुळलेली मापे बिघडतात. शेवटी रंग, आणि तुळईच्या पोकळीत पातळ मेण फवारणे. हे मेण कोणाला दिसत नाही. पण पुढच्या वीस वर्षांचा निकाल तेच लावते.

आता सांध्यांकडे वळू. पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन हात धरून असतात. त्यांच्यामध्ये पोलादाचा एक उभा खांब असतो आणि त्याच्यासोबत चाक वळते. या खांबाच्या खालच्या टोकाला आटे पाडलेले असून ते ट्रनियन नावाच्या पितळी ठोकळ्यात बसतात. चालकाने स्टिअरिंग फिरवले की खांब या आट्यांत किंचित पिळला जातो. एका बाजूचे आटे उजवे, दुसऱ्या बाजूचे डावे. जोडताना ठोकळा पूर्ण आवळून मग दोन्हीकडे चाक पुरते वळेल इतकाच परत सोडायचा असतो. हा सांधा इतका गुणी ठरला की लोटस कंपनीनेही आपल्या एलान गाडीसाठी ट्रायम्फचे हे उभे खांब घेतले.

मात्र त्याची एक अट आहे. त्याला तेल लागते, ग्रीस नव्हे. गिअरबॉक्सला वापरतात तसले जाड तेल दर काही हजार मैलांनी पिचकारीने आत भरावे, असे कारखान्याचे सांगणे होते. पण गॅरेजात सर्वांच्या हाती ग्रीसगन असते. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही, काळाने घट्ट होते आणि वाट बंद करते. मग पाणी शिरते, आटे गंजतात, सांधा जखडतो. चालक जोर लावून स्टिअरिंग फिरवतो तेव्हा तो सारा पीळ खांबाच्या आट्यांशी एकवटतो. तेथे केसासारखी चीर पडते आणि एके दिवशी खांब तुटून चाक आडवे होते. म्हणून पुनर्बांधणीत हा खांब घासून स्वच्छ करून, चीर शोधून, तिळभर शंका आली तरी बदलतात.

येथे आम्हांला आमच्या व्यवसायातले एक बोलणे आठवते. अपघात झाला की पहिला प्रश्न असतो, ‘शेवटचा हात कोणाचा लागला?’ ग्रीस भरणाऱ्या पोऱ्याचे नाव पुढे येते. त्याला तेल भर, असे कोणी सांगितले होते काय? तेलाची पिचकारी त्याच्या हाती दिली होती काय? नियम पुस्तकात असून भागत नाही. तो काम करणाऱ्यापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचावा लागतो.

मागच्या चाकांची कथा याच अंगाने जाते. तेथे पाट्यांची एक आडवी स्प्रिंग डिफरन्शियलवर बसते आणि तिच्या दोन टोकांवर दोन चाके तोललेली असतात. चाकाचा दांडा फक्त आतल्या टोकाशी सांध्यावर हलतो. वेगात वळण घेताना चालकाने घाबरून पाय एकदम उचलला, तर गाडीचा मागचा भाग उचलला जातो, बाहेरचे चाक आत दुमडते आणि रस्त्यावरची पकड सुटते. अमेरिकेत याच पद्धतीच्या दांड्यांच्या शेव्हरोले कॉर्व्हेअर गाडीवर रॅल्फ नेडर यांनी १९६५ साली आपल्या पुस्तकाचे पहिले प्रकरण लिहिले. दोष चालकाचा की रचनेचा, हा वाद तेव्हा चव्हाट्यावर आला. ट्रायम्फने १९७० साली स्पिटफायरची स्प्रिंग बदलली. मुख्य पाटा सोडून बाकीचे पाटे मधोमध मोकळे डुलू दिले आणि दुमडणे पुष्कळ कमी झाले. चालक तेच होते. सुधारली ती स्प्रिंग.

जोडणीच्या वेळी दोन पथ्ये पाळावी लागतात. दाबलेली स्प्रिंग म्हणजे कोंडलेली ताकद. ती योग्य शिकंज्यावाचून सोडू नये, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरू नये. दुसरे, रबरी बुशांचे बोल्ट चाके लोंबत असताना अखेरचे आवळू नयेत. गाडी चारही चाकांवर उभी करावी, तिचा भार बसू द्यावा आणि मग आवळावे. नाही तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि थोड्याच दिवसांत फाटते. काम तेच, बोल्ट तोच. फरक केवळ क्रमाचा.

कॅनलीतील गाड्यांची जोडणी १९८० मध्ये थांबली. तेथले हात पांगले. तरी गाड्या अजून धावतात, कारण हे बारकावे कोणी तरी कोणाला तरी सांगत राहिले. आपण नगरवासी या साखळीत कोठे बसतो? गाडी दुरुस्तीला टाकताना आपण झळकणाऱ्या रंगाचे पैसे मुकाट्याने देतो आणि खालच्या कामाचे तास ऐकले की घासाघीस करतो. ठोकून पाहणे, मापे घेणे, चीर शोधणे, भार बसू देऊन आवळणे या सगळ्याला वेळ लागतो, आणि वेळ कापला की हीच कामे पहिल्यांदा गळतात. पुढच्या खेपेला बिल हाती आल्यावर खाली काय काय केले ते कारागिराला विचारावे, त्याने दाखवले तर वाकून पाहावे, आणि त्या तासांची मजुरी पुरी मोजावी.