मिलपिटासची मुलं

मिलपिटास हे नाव आज पुण्या-ठाण्यातल्या कितीतरी घरांत सहज कानावर पडतं. कॅलिफोर्नियात सॅन होजेला लागून असलेल्या या गावात अनेक मराठी कुटुंबं स्थिरावली आहेत. मुलांकडे राहायला गेलेले आई-वडील तिथल्या ‘ग्रेट मॉल’मध्ये फेरफटका मारून येतात. हा मॉल उभा आहे ती जागा पूर्वी फोर्डच्या मोटार कारखान्याची होती. १९५५ साली सुरू झालेला तो कारखाना १९८३ मध्ये बंद पडला. त्याच्या दोन वर्षं आधी, नोव्हेंबर १९८१ मध्ये, या गावात एक घटना घडली आणि तिच्यातून किशोरवयीन मुलांवरचा अमेरिकेतला सर्वांत अस्वस्थ करणारा चित्रपट जन्माला आला.

सोळा वर्षांच्या एका मुलाने आपल्या चौदा वर्षांच्या मैत्रिणीचा गळा आवळून खून केला. मृतदेह त्याने गावाबाहेरच्या टेकड्यांमध्ये टाकला. मग शाळेत येऊन मित्रांना सांगितलं, आणि ज्यांना खरं वाटेना त्यांना गाडीत बसवून दाखवायला नेलं. मुलं टोळक्याने गेली, बघून आली. एकाने तिच्या अंगावर पालापाचोळा टाकला. जवळपास दोन दिवस पोलिसांपर्यंत कोणीही गेलं नाही. बातमी बाहेर आली तेव्हा अमेरिका हादरली, ती खुनापेक्षा या दोन दिवसांनी.

लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात पटकथालेखन शिकणाऱ्या नील हिमेनेझने या घटनेचा धागा पकडून पटकथा लिहिली. टिम हंटरने ती ‘रिव्हर्स एज’ या नावाने १९८६ मध्ये पडद्यावर आणली, आणि पुढच्या वर्षी तो चित्रपट अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत लागला. टेकड्यांच्या जागी नदीकाठ आला, माणसं काल्पनिक झाली. जॉन नावाचा धिप्पाड मुलगा जेमीला मारतो आणि मित्रांना तिचा देह दाखवतो. मुलं अर्धवर्तुळात उभी राहतात. एकजण काठीने देहाला डिवचून पाहतो. किंकाळी नाही, धावपळ नाही. फ्रेडरिक एल्म्सचा कॅमेराही तिथे कसलीच घाई करत नाही. प्रेक्षकाला त्या राखाडी, ओलसर प्रकाशात मुलांचे चेहरे वाचत बसावं लागतं. त्या चेहऱ्यांवर वाचण्याजोगं फारसं काही सापडत नाही, आणि हा प्रसंग सहन करणं अवघड जातं ते त्यामुळे.

या टोळक्याचा स्वयंघोषित पुढारी लेन. क्रिस्पिन ग्लोव्हरने तो हातवारे करत, शब्द ताणत, काहीसा भडक रंगवला आहे. ही भूमिका अनेकांना खटकते. मला मात्र ती चित्रपटाची किल्ली वाटते. मैत्रीण मेली आहे आणि लेनच्या डोक्यात एकच गोष्ट आहे : मित्र अडचणीत आलाय, निष्ठेची परीक्षा आहे. आपण एखाद्या सिनेमात आहोत असं त्याला वाटतंय, चक नॉरिससारखं वाटतंय, आणि हे तो बोलूनही दाखवतो. स्वतःच्या आयुष्यातल्या सर्वांत भयंकर प्रसंगाला काय म्हणायचं हे ठाऊक नसलेला मुलगा पडद्यावरून भावना उसन्या आणतो. टोळक्यातल्या क्लॅरिसाचं त्याच्या अगदी उलट. टीव्हीवरच्या सिनेमात एक खेळाडू मेला तेव्हा आपण रडलो होतो, मग जिच्यासोबत रोज फिरायचो तिच्यासाठी रडू का येत नाही, असं ती विचारते. तिला स्वतःच्या कोरडेपणाची भीती वाटते आहे. आयोनी स्कायने हा प्रसंग इतक्या साधेपणाने केलाय की तो अभिनय वाटत नाही.

शेवटी पोलिसांकडे जातो तो मॅट. तेव्हा कोणाला फारसा माहीत नसलेला किआनू रीव्ह्ज. मॅटला धाडसी नायक करण्याचा मोह हंटरने आवरला, हे फार मोलाचं आहे. पोलीस अधिकारी त्याला पुन्हा पुन्हा विचारतो, तुला काय वाटलं, आधी का सांगितलं नाहीस? मॅटकडे उत्तर नसतं. तो टाळत नाही, त्याला खरंच सांगता येत नाही. समोरचा मोठा माणूस चिडत जातो. मुलांना काय होतंय हे विचारण्यासाठी मोठ्यांकडे चौकशीखेरीज दुसरी भाषाच उरलेली नाही, हे त्या एका टेबलाभोवती दिसतं.

चित्रपटातली मोठी माणसं बघा. मॅटची आई रुग्णालयातल्या पाळ्यांनी पिचून गेलेली आहे. तिच्या चिंता खऱ्या आहेत, पण घरातला गांजा पोरांनी चोरला का, ही त्यांतली मोठी चिंता. शिक्षक साठच्या दशकातल्या आंदोलनांच्या आठवणी वर्गात सांगतो, आणि वर्ग त्याच्याकडे शून्य नजरेने पाहतो. त्याच्या पिढीकडे निदान लढायला काहीतरी होतं. या मुलांच्या वाट्याला त्या लढ्याच्या फक्त गोष्टी आल्या. आणि डेनिस हॉपरचा फेक : गांजा विकणारा, घरात रबरी बाहुलीबरोबर राहणारा, कधीकाळी प्रेयसीला गोळी घातल्याचं सांगणारा माणूस. १९६९च्या ‘इझी रायडर’मुळे हॉपरचा चेहरा त्या बंडखोर पिढीचं प्रतीक बनला होता. त्याच चेहऱ्याचा हा खुनी जॉनशी बोलतो आणि हादरतो, कारण फेक त्या बाईसाठी अजून झुरतोय आणि या मुलाला मेलेल्या मुलीबद्दल काहीही वाटत नाही.

हंटर या विषयाकडे अचानक वळला नव्हता. मिलपिटासपासून फार दूर नाही, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात भराव टाकून वसवलेलं फॉस्टर सिटी नावाचं नियोजनबद्ध उपनगर आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या सुखवस्तू घरांतल्या मुलांनी तोडफोडीचं सत्र आरंभलं. एका वृत्तपत्रातला त्यावरचा लेख वाचून हंटर आणि चार्ली हास यांनी ‘ओव्हर द एज’ लिहिला, जोनाथन कॅप्लनने तो १९७९ मध्ये दिग्दर्शित केला. शहर आखणाऱ्यांनी रस्ते आखले, घरं आखली, पण वस्तीतला चौथा हिस्सा पंधरा वर्षांचा किंवा त्याहून लहान आहे हे विचारातच घेतलं नाही, असं चित्रपट सुरुवातीलाच सांगतो. मुलांना जायला एक पत्र्याचं करमणूक केंद्र. जमिनीचे ग्राहक येणार म्हणून तेही बंद ठेवायचं ठरतं. मग पोलिसाच्या गोळीने एक मुलगा मरतो, आणि पालक शाळेत सभा घेत असताना बाहेरून दारं बंद करून मुलं गाड्या फोडतात, जाळतात. मरणारा तो मुलगा होता मॅट डिलन, चौदा वर्षांचा, पहिल्याच चित्रपटात. कलाकार शोधणाऱ्यांनी त्याला एका शाळेतूनच निवडलं होतं.

निर्मात्या कंपनीने हा चित्रपट जेमतेम काही ठिकाणी दाखवून मागे घेतला. त्याच वर्षी ‘द वॉरियर्स’ या चित्रपटाच्या खेळांच्या वेळी मारामाऱ्या झाल्या होत्या, आणि हा सिनेमा बघूनही पोरं पेटतील अशी धास्ती होती. पुढे केबल टीव्हीवर तो रात्री-अपरात्री लागू लागला आणि ज्यांच्याबद्दल होता त्यांच्यापर्यंत पोचला. त्यांपैकी एक वॉशिंग्टन राज्यातला, ‘निर्वाणा’ या रॉक बँडचा भावी गायक कर्ट कोबेन. या चित्रपटाने आपल्याला घडवलं असं तो पुढे सांगत असे. ‘निर्वाणा’च्या १९९१च्या गाजलेल्या गाण्याच्या चित्रफितीत शाळेची व्यायामशाळा उद्ध्वस्त होते, तिथे ‘ओव्हर द एज’ची सावली स्पष्ट आहे.

मुलं सिनेमा बघून बिघडतात, ही तक्रार या चित्रपटांना सतत चिकटून राहिली. १९८९ मध्ये अमेरिकेत लागलेल्या ‘हेदर्स’मध्ये काळा लांब कोट घालणारा मुलगा शाळा उडवून द्यायला निघतो. दहा वर्षांनी, एप्रिल १९९९ मध्ये, कोलंबाईनच्या शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला आणि तो कोट पुन्हा आठवला गेला. २०१८ मध्ये ‘हेदर्स’वरची नवी मालिका तयार असतानाच पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला, आणि वाहिनीने प्रक्षेपण थांबवलं. मला हा कार्यकारणभाव पटत नाही. फॉस्टर सिटीतली तोडफोड आधी झाली, सिनेमा नंतर आला. मिलपिटासचा खून आधी, ‘रिव्हर्स एज’ नंतर. बंदुका घरात होत्याच. पटकथाकारांनी जे दिसत होतं ते लिहिलं, आणि बहुतेक वेळा ते बघायची तयारी नव्हती.

‘रिव्हर्स एज’ आला त्या काळी पडद्यावर दिग्दर्शक जॉन ह्यूजच्या चित्रपटांतली मुलं होती. ‘ब्रेकफास्ट क्लब’ १९८५चा. तोही एकटेपणाबद्दलच बोलतो, आणि मनापासून बोलतो. पण तिथे मुलांना आपलं दुःख शब्दांत मांडता येतं, मांडलं की ती मोकळी होतात. ‘रिव्हर्स एज’मध्ये हे घडत नाही, आणि पुढच्या दिग्दर्शकांनी घेतलं ते हेच. गस व्हॅन सँटचा ‘एलिफंट’ कोलंबाईनची छाया घेऊन येतो. कॅमेरा शाळेच्या लांब मार्गिकांमधून मुलांच्या पाठोपाठ चालत राहतो, आणि कारण शोधून देत नाही. २००३ मध्ये कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. जपानमध्ये क्योको ओकाझाकी यांनी नव्वदच्या दशकात नदीकाठचा मृतदेह आणि त्याचं गुपित जपणारी मुलं यांच्यावर चित्रकादंबरी केली, नाव तेच : ‘रिव्हर्स एज’. इसाओ युकिसादाने २०१८ मध्ये तिचा चित्रपट केला.

एका बाबतीत मात्र हंटरचा चित्रपट मला अपुरा वाटतो. जेमी कोण होती? तिला काय आवडायचं, ती घरी कशी असायची? चित्रपट तिला नदीकाठी उघडी, निश्चल ठेवतो आणि मुलांच्या बधिरतेकडे वळतो. मुलं तिला विसरली हे दाखवता दाखवता तोही तिला विसरतो. काही वर्षांनी डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांच्या ‘ट्विन पीक्स’ मालिकेची सुरुवात पाण्याकाठी सापडलेल्या शाळकरी मुलीच्या मृतदेहानेच झाली. तिचे काही भाग टिम हंटरने दिग्दर्शित केले. तिथे बातमी कळताच आई फोनवर आक्रोश करते, मैत्रीण वर्गातल्या रिकाम्या बाकाकडे बघून कोसळते, सगळं गाव रडतं. आणि १९९२च्या ‘ट्विन पीक्स : फायर वॉक विथ मी’मध्ये लिंच त्या मुलीच्या, लॉरा पामरच्या, शेवटच्या आठवड्याकडे परत गेला. ती घाबरते, खोटं बोलते, मदत मागता मागता गप्प होते, हे सगळं तिच्या बाजूने दाखवलं. कानमधल्या समीक्षकांनी तेव्हा तो चित्रपट झिडकारला. अलीकडच्या वर्षांत त्याला नवे प्रेक्षक मिळाले आहेत, आणि त्यांच्यात लॉराचं वय नुकतंच ओलांडलेल्या मुली पुष्कळ आहेत.